जनरल अरुणकुमार वैद्यांच्या फोटोवर अण्णांनी पेन्सिलीने घातलेले आकडे

उर्मोडी

नमस्कार मंडळी. वडिलांना जाऊन या आषाढात वर्ष झालं. वर्षश्राद्ध झाल्यावर आईने त्यांची काळी पत्र्याची ट्रंक उघडू दिली. अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९६३ ला भरती झाले आणि १९८१ ला हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आले. ट्रंकेत वर गरम कोट, खाली पेन्शनची कागदं आणि तळाशी खाकी रुमालात बांधलेली सात पदकं. फितींना कसर लागलीय, दोन तर हात लावताच सुटल्या.

त्याच रुमालात वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. १९८३ साली जनरल अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले तेव्हाचं. त्यांच्या छातीवरच्या रिबनींवर अण्णांनी पेन्सिलीने बारीक आकडे घातलेत आणि समासात त्यांचे अर्थ लिहिलेत. बरंचसं पुसट झालंय. पहिले तीन लागतात: "१ परम. २ महावीर, डबल. ३ अति." पुढच्या रिबनींपैकी चारांच्या डोक्यावर बरोबरची खूण आहे. त्या चारच का, ते मला कळत नाही.

मी शाळेत मराठी शिकवते, लष्करातलं मला काही कळत नव्हतं. गेले तीन महिने मिळेल ते वाचतेय. जे समजलं ते लिहिते, चुकलं तर हक्काने सांगा.

वैद्यसाहेबांचा जन्म अलिबागचा, २७ जानेवारी १९२६. दुसरं महायुद्ध संपता संपता, जानेवारी १९४५ मध्ये कमिशन मिळालं, म्हणजे वय १९ सुद्धा पुरं नव्हतं. तिथून ३१ जानेवारी १९८६ ला लष्करप्रमुख म्हणून निवृत्त होईपर्यंत ४१ वर्षं अंगावर वर्दी. नावापुढची अक्षरं अशी: पीव्हीएसएम, एमव्हीसी आणि बार, एव्हीएसएम. म्हणजे परम विशिष्ट सेवा पदक, महावीर चक्र दोनदा, अति विशिष्ट सेवा पदक. अण्णांच्या पेन्सिलीचा क्रम आणि हा क्रम एकच आहे.

पहिलं महावीर चक्र १९६५ चं. तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल, डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर. जागा पंजाबातला खेमकरण विभाग, असल उत्तर आणि चीमा. दुसरं १९७१ चं. तेव्हा ब्रिगेडियर, १६ स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख. जागा शकरगडचा भाग, जफरवाल विभाग, बसंतर नदी.

माझे प्रश्न तीन. युद्धातलं महावीर चक्र असताना पहिला मान 'परम विशिष्ट'ला कसा? 'डबल' हे काळ्यापांढऱ्या फोटोत अण्णांना दिसलं कसं? आणि त्या चार खुणा कसल्या?

रिसालदार_निवृत्त

ताई, जय हिंद. आधी अण्णांना सलाम.

मी १९७४ ला रणगाड्यांच्या फौजेत भरती झालो. डेक्कन हॉर्समध्ये नव्हतो, पण ६५ लढलेले जुने दफादार आम्हाला शिकवायला होते. त्यामुळे असल उत्तर आम्ही ऐकत ऐकतच गनरी शिकलो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. महावीर चक्राची रिबन अर्धी पांढरी, अर्धी केशरी. काळ्यापांढऱ्या छपाईत अर्धी उजळ आणि अर्धी करडी दिसणार. हेच पदक पुन्हा मिळालं की दुसरं पदक देत नाहीत, 'बार' देतात. पूर्ण पदक लावलं असेल तेव्हा तो बार फितीवर दिसतो. रोजच्या वर्दीत नुसती रिबन असते, तेव्हा तिच्यावर चक्राची चिमुकली प्रतिकृती बसवतात. कात्रण भिंगाखाली धरा. दुसऱ्या रिबनीवर ठिपका दिसेल, तोच अण्णांचा 'डबल'.

आता ६५ बद्दल, कारण नुसतं 'महावीर चक्र' म्हटल्याने त्यात काय काय आहे ते कळत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाकिस्तानची १ली आर्मर्ड डिव्हिजन खेमकरणवरून आत आली. त्यांच्याकडे पॅटन, म्हणजे ९० मिलिमीटरची तोफ असलेला त्या वेळचा नवा अमेरिकन रणगाडा. समोर आपली ४ माउंटन डिव्हिजन. नाव माउंटन आणि लढाई सपाट उसाच्या रानात. त्या डिव्हिजनचा स्वतःचा रिसाला म्हणजे डेक्कन हॉर्स, आणि डेक्कन हॉर्सकडे शर्मन, दुसऱ्या महायुद्धातले. पॅटनशी समोरासमोर भिडला तर शर्मनचं काही खरं नव्हतं.

मग जागा अशी धरली की शत्रू समोरून येईल पण त्याची बगल आपल्याकडे उघडी राहील. घोड्याच्या नालासारखा व्यूह. रणगाडे उसात दडवले. पाणी सोडून रानं भिजवली होती, त्या चिखलात जड पॅटन रुतायला लागले. उसात बसलेल्या गनरला हुकूम एकच, जवळ येऊ दे. आमचे उस्ताद सांगायचे की तोफेची दुर्बीण डोळ्याला लावून, शत्रूचा रणगाडा चौकटीत मोठा मोठा होत असताना बोट आवरणं हे गोळी झाडण्यापेक्षा अवघड काम. ते बोट आवरलं जातं कारण वायरलेसवर सीओचा, म्हणजे कमांडिंग ऑफिसरचा, आवाज शांत असतो. कर्नल वैद्यांचं पहिलं चक्र त्या आवाजाचं आहे, असं मी समजतो.

तिथेच ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवरच्या रिकॉइललेस गनने रणगाडे फोडत शहीद झाले, परमवीर चक्र. ३ कॅव्हलरीचे लेफ्टनंट कर्नल सलीम केलेब, त्यांनाही महावीर चक्र. त्यांच्याकडे सेंच्युरियन रणगाडे होते. पुढे पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ रांगेने उभे केले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणायला लागले.

चार खुणांचं सावकाश सांगतो. आधी तुमच्या सात पदकांची नावं लिहा.

प्रश्नचिन्ह

धागा वाचतोय. पण पहिल्या प्रश्नावर मला खरंच राग येतो. रणगाड्यात बसून मरणाच्या दारात मिळवलेलं महावीर चक्र खाली, आणि शांततेत ऑफिसात मिळालेलं परम विशिष्ट वर? हा क्रम कुणी लावला? आणि हल्लीच्या प्रत्येक जनरलच्या छातीवर चार ओळी असतात. युद्ध तर झालेलं नसतं. मग ती कशाची?

छावणीतली

प्रश्नचिन्ह, तुमचा राग समजतो. माझे मिस्टर २८ वर्षं सैन्यात होते, त्यांच्या वर्दीवर रिबनी टाचायचं काम माझं, त्यामुळे हा क्रम मला पाठ आहे.

तो पदकं लावायचा सरकारी क्रम आहे. वरून असा: भारतरत्न, परमवीर चक्र, अशोक चक्र, पद्मविभूषण, पद्मभूषण, सर्वोत्तम युद्ध सेवा, परम विशिष्ट सेवा, मग महावीर चक्र, कीर्ती चक्र, पद्मश्री. त्याखाली उत्तम युद्ध सेवा, अति विशिष्ट सेवा, आणि मग वीर चक्र, शौर्य चक्र. म्हणजे यात शौर्याची, सेवेची आणि नागरी अशी तिन्ही नाणी एकाच माळेत ओवलीत. तिन्ही एका तराजूत तोलायची म्हटली की तुमच्यासारखा राग येणारच. पदक बघताना आधी ते कुठल्या घरातलं आहे ते बघावं.

शौर्याची घरं दोन. शत्रूसमोरचं: परमवीर, महावीर, वीर चक्र. ही तीन २६ जानेवारी १९५० ला स्थापन झाली, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केली, कारण काश्मीरची लढाई मधल्या काळातली. शत्रूसमोर नसलेलं: अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. ही १९५२ साली अशोक चक्र वर्ग १, २, ३ म्हणून आली आणि १९६७ ला आजची नावं मिळाली. सेवेचं घर वेगळं: परम विशिष्ट, अति विशिष्ट, विशिष्ट. ही १९६० ची, त्यांनाही आधी वर्ग १, २, ३ म्हणत. तिन्हींची रिबन सोनेरी पिवळी, त्यावर गडद निळ्या रेघा: परमला एक, अतिला दोन, विशिष्टला तीन. जितक्या रेघा कमी तितकं पदक मोठं.

महिन्याचा मानधन भत्ता फक्त शौर्यपदकांना असतो. २०१७ मध्ये तो दुप्पट झाला, तेव्हा महावीर चक्राचे ५,००० चे १०,००० झाले. परम विशिष्टला असा भत्ता नाही. दोन्हीतला फरक सरकारनेही तिथे ओळखलाय.

हल्लीच्या जनरलांबद्दल म्हणाल तर एक उदाहरण देते. जनरल मनोज नरवणे पुण्याचे. पीव्हीएसएम, एव्हीएसएम, एसएम, व्हीएसएम. सेना पदक जम्मू-काश्मीरमध्ये बटालियन सांभाळल्याबद्दल, विशिष्ट सेवा नागालँडमध्ये आसाम रायफल्सचे इन्स्पेक्टर जनरल असताना, अति विशिष्ट स्ट्राइक कोअरच्या नेतृत्वाबद्दल. यात युद्ध नाही, बरोबर. पण काश्मीरमध्ये बटालियन सांभाळण्याची ती दोन-अडीच वर्षं मी बायको म्हणून पाहिलीत. मिस्टरांचा फोन आला नाही की रात्र कशी जाते ते मला विचारा. त्याला ऑफिसातलं काम म्हणू नका.

प्रश्नचिन्ह

ताई, ऑफिसातलं हा शब्द मागे घेतो. मनापासून. पण क्रमाबद्दल मत तेच आहे. महावीर चक्र वर हवं.

रिसालदार_निवृत्त

भाऊ, रिसाल्यात तुमच्यासारखंच मत असतं. रियुनियनला निवृत्त साहेब लोक येतात, तेव्हा जवानाची नजर पहिल्या रिबनीवर थांबत नाही, पांढरी-केशरी शोधते. दिसली की पाठ आपोआप ताठ होते. कुणी शिकवत नाही.

आणि एक लक्षात घ्या. युद्ध सेवा पदकांची मालिका १९८० ला सुरू झाली. १९७१ ला ती असती, तर ब्रिगेड चालवल्याबद्दल वैद्यसाहेबांना कदाचित त्यातलंच एखादं मिळालं असतं. त्या वेळी युद्धात फौज चालवण्याचा गौरव करायला शौर्यपदकंच होती. पण त्यांचं दुसरं चक्र मागे नकाशासमोर बसून आलेलं नाही हे बसंतर वाचलं की कळतं.

शकरगडमध्ये १ कोअरची चढाई. ५४ इन्फंट्री डिव्हिजन आणि तिच्याबरोबर १६ स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड. वाटेत सुरुंगांचे पट्टे, एकामागून एक, शेकडो यार्ड खोल. आधी चक्रा आणि देहलरा इथल्या लढाया, मग बसंतर. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळ नदीपार गेलं आणि पलीकडे शत्रूचे रणगाडे जमायला लागले. इंजिनिअर सुरुंग काढत होते, पण वाट पुरती मोकळी झालेली नव्हती. रणगाडे थांबवले तर पायदळ सकाळी चिरडलं जाणार, सोडले तर सुरुंगात जाणार. ब्रिगेडमधली पूना हॉर्स रेजिमेंट त्या अर्ध्या वाटेतून रात्रीच पलीकडे गेली. सीओ लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग, त्यांनाही महावीर चक्र. दुसऱ्या दिवशी, १६ डिसेंबरला, पाकिस्तानच्या आर्मर्ड ब्रिगेडचे हल्ल्यावर हल्ले आले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तिथेच पडले. २१ वर्षांचं पोर, जन्म पुण्याचा. परमवीर चक्र.

ब्रिगेडियर वैद्यांची ब्रिगेड ही. ब्रिगेडियरच्या चक्रात पोरांची अशी उधारी असते, आणि चांगल्या कमांडरला ती आयुष्यभर ठाऊक असते.

कुलाबकर

मी अलिबागचा. जनरल साहेब आमच्या गावी जन्मले हे शाळेत ऐकलं होतं, पण दोन महावीर चक्रं कशाकशाची ते आज पहिल्यांदा नीट कळलं. दोनदा महावीर चक्र आणखी कुणाला आहे का?

छावणीतली

आजवर ६ जण. वैद्यसाहेब धरून. मेजर जनरल राजिंदर सिंग 'स्पॅरो': १९४८ ला झोजिला खिंडीत रणगाडे चढवले ते हेच, आणि मग १९६५. लडाखचे चेवांग रिंचेन: १९४८ ला मिळालं तेव्हा जेमतेम १७ वर्षांचे, दुसरं १९७१ चं. ब्रिगेडियर संत सिंग: १९६५ आणि १९७१. हवाई दलाचे जगमोहन नाथ: १९६२ आणि १९६५. हवाई दलाचेच पद्मनाभ गौतम: १९६५ आणि १९७१. यातले लष्करप्रमुख झाले ते एकटे वैद्य.

मेधा_ट

मला लढायांमधलं कळत नाही, पण हा धागा मराठी घरात येऊन थांबतोच. ही चक्रं ज्यांच्या हातून उतरली त्या सावित्रीबाई खानोलकर. जन्म १९१३, स्वित्झर्लंड, मूळ नाव ईव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ मध्ये लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. स्वातंत्र्यानंतर ॲडज्युटंट जनरल हीरालाल अटल यांनी नव्या देशाच्या शौर्यपदकांचं काम त्यांच्याकडे सोपवलं. परमवीर चक्रावर मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं आहेत. वज्र म्हणजे दधीची ऋषींची हाडं. देह दिल्यावाचून जे शस्त्र घडतच नाही ते त्यांनी निवडलं, हे मला फार मोठं वाटतं. महावीर चक्रही त्यांचंच, चांदीचं, पाच टोकांचा तारा. आणि पहिलं परमवीर मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर जाहीर झालं, ते त्यांच्याच मुलीचे दीर.

करवीरकर

कोल्हापूरकर म्हणून एक नाव घातल्याशिवाय राहवत नाही. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, वडगावचे. १९०६ चा जन्म, सँडहर्स्टला शिकले. जानेवारी १९४५, ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर कांगॉची लढाई. ५१ ब्रिगेडमधल्या तिन्ही बटालियनचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, सेन आणि आपले थोरात. थोरातांची २/२ पंजाब. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश पदक मिळालं. हिंदी माणसाला पलटण चालवता येईल का, अशी शंका घेणारे गोरे साहेब तेव्हा कमी नव्हते.

गंमत बघा, वैद्यांना कमिशन मिळालं तेही जानेवारी १९४५ मध्येच. एक पिढी पलटण चालवत होती, दुसरी वर्दी चढवत होती.

थोरात पुढे १९५३ ला कोरियात युद्धकैद्यांची जबाबदारी घेतलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख झाले. अशोक चक्र वर्ग २, म्हणजे आजचं कीर्ती चक्र, आणि पद्मश्री. त्यांच्या नावापुढे केसी आधी आणि डीएसओ नंतर येतं. आपलं पदक आधी, राजाचं मागून.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. छातीवर जे नाही त्याबद्दलही कुणीतरी बोलावं म्हणून. लेफ्टनंट जनरल सगत सिंग. डिसेंबर १९६१ मध्ये ५० पॅरा ब्रिगेड घेऊन पणजीत शिरले ते हे. १९६७ ची नथू ला खिंडीतली चिन्यांशी झालेली लढाई त्यांच्या हाताखाली. १९७१ ला ४ कोअर घेऊन हेलिकॉप्टरनी मेघना ओलांडली आणि ढाक्याचा रस्ता उघडला. एवढं करून परम विशिष्ट सेवा आणि पद्मभूषण, शौर्यपदक एकही नाही. म्हणून रिबनींची बेरीज करून कुणा जनरलची उंची काढू नये असं मला वाटतं. वैद्यांची दोन चक्रं खरी, आणि सगत सिंगांची नसलेलीही तितकीच खरी.

कॅम्पातला

पुणे कॅम्पात वाढलो. १० ऑगस्ट १९८६, रविवार. मी आठवीत होतो. दुपारी बाबा बाहेरून आले आणि दार लावून घेतलं, एवढंच आधी आठवतं. मग रेडिओ. वैद्यसाहेब निवृत्तीनंतर पुण्यातच राहत होते. स्वतः गाडी चालवत घरी निघाले होते, शेजारी पत्नी. मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. १९८४ चं ऑपरेशन ब्लू स्टार, म्हणजे सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई, त्यांच्या लष्करप्रमुखपदाच्या काळातलं, त्याचा सूड म्हणून. दोघा मारेकऱ्यांना ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

दोन युद्धांत रणगाड्यांच्या गोळ्यांतून वाचलेला माणूस आपल्या गावात, रविवारी सकाळी असा गेला, हे त्या वयात मला झेपलं नाही. अजूनही त्या रस्त्याने जाताना मी गप्प होतो.

उर्मोडीताई, तुमच्या अण्णांच्या आकड्यांत एक भर घालावी लागेल. १९८७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. छावणीतली ताईंनी दिलेल्या क्रमात ते परम विशिष्टच्याही आधी येतं. म्हणजे सगळ्यात पहिला मान ज्या पदकाचा, ते त्यांनी कधी लावलंच नाही. कात्रण ८३ चं असल्याने अण्णांचा '१ परम' त्या दिवशी बरोबरच होता.

उर्मोडी

कॅम्पातला, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या दिवशी अण्णा जेवले नव्हते. मी तेव्हा पाच वर्षांची, मला काही आठवत नाही.

रिसालदारकाका, भिंगाखाली पाहिलं. दुसऱ्या रिबनीवर ठिपका आहे!

सात पदकांची नावं लावली, शेजारच्या निवृत्त सुभेदार काकांची मदत घेऊन. समर सेवा स्टार १९६५. पूर्वी स्टार. रक्षा पदक १९६५. संग्राम पदक. सैन्य सेवा पदक, त्याच्या फितीवर 'नेफा'ची (आताचं अरुणाचल) पट्टी. स्वातंत्र्याच्या २५व्या वर्षाचं पदक. नऊ वर्षं दीर्घ सेवा पदक.

रिसालदार_निवृत्त

ताई, मग तुमच्या चार खुणा मला लागल्या असं वाटतं.

रक्षा पदक ५ ऑगस्ट १९६५ ला फौजेत असलेल्या आणि १८० दिवस नोकरी झालेल्या प्रत्येकाला. संग्राम पदक ७१ च्या युद्धाचं, शिपायापासून जनरलपर्यंत. २५व्या वर्षाचं १५ ऑगस्ट १९७२ ला जो वर्दीत होता त्याला. नऊ वर्षांचं नऊ वर्षं केलेल्याला. ही चार पदकं जनरलसाहेबांची आणि अण्णांची एकच. धातू तोच, रिबन तीच, हुद्द्याप्रमाणे त्यात फरक नाही. अण्णांनी साहेबांच्या छातीवर स्वतःची पदकं शोधून काढली आणि खूण केली.

पूर्वी स्टारला खूण असणार नाही, कारण ७१ ला साहेब पश्चिमेला लढले. त्यांचा पश्चिमी स्टार, तुमच्या अण्णांचा पूर्वी.

पण एक अडतंय. समर सेवा स्टार ६५ ला प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना मिळायचा. तो साहेबांकडे असायलाच हवा, असल उत्तर लढलेत. अण्णांकडेही असेल तर पाचवी खूण हवी होती. आणि अण्णांच्या सैन्य सेवा पदकावर नेफाची पट्टी आहे. ६५ ला अण्णा कुठे होते ते आईंना विचारा. आणि पदकांची कड बघा, चपटी बाजू नव्हे, जाडी. तिथे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ब्रासो लावू नका, मऊ कापडाने पुसा. घासून घासून लोक बापाचं नाव घालवून बसतात.

उर्मोडी

सगळ्या कडा भिंगाने वाचल्या. इंग्रजी अक्षरं आहेत, झिजलेली पण लागतात. रक्षा पदकावर अण्णांचा नंबर आणि हुद्दा शिपाई. संग्राम पदकावर तोच नंबर, हुद्दा नाईक. बोट फिरवलं की त्या दोन कडांच्या मधली त्यांची सहा-सात वर्षं हाताला लागतात. माझ्या जन्माआधीचे अण्णा मला पहिल्यांदा असे भेटले.

समर सेवा स्टारवर नाव दुसऱ्याचं आहे. नंबरही दुसरा.

आईला विचारलं. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "पासष्टला ते नेफात होते. हे त्यांच्या जोडीदाराचं." नदीपलीकडच्या गावचा, अण्णांच्या बरोबर एकाच दिवशी भरती झालेला. ७१ नंतर तो पेन्शन न घेता घरी आला आणि मुंबईला गिरणीत लागला. जाताना चाळीत चोरी होईल म्हणून हे अण्णांकडे ठेवायला दिलं. संप झाला, गिरणी बंद पडली, पत्र येईनाशी झाली. अण्णा दोनदा मुंबईला जाऊन आले होते म्हणे, मला कधी बोलले नाहीत.

नाव इथे लिहीत नाही, कारण घरची माणसं असतील. त्यांना कसं शोधावं?

छावणीतली

दोन ठिकाणी पत्र टाक. एक बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला. नंबर, हुद्दा, नाव जसं कोरलंय तसं लिही, पदकाच्या कडेचा फोटो जोड. दुसरं साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, तिथे स्वतःच जा. नंबर असला की माणूस सापडायची आशा असते. आणि नदीपलीकडच्या गावात देवळाच्या पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना आधी विचार, ते कागदाच्या आधी सांगतील.

कुलाबकर

मुंबईतल्या गिरणगावात माझी बहीण राहते. त्या चाळीचा पत्ता मिळाला तर व्यक्तिगत निरोपात पाठवा, तिचे सासरे जुने गिरणी कामगार आहेत. चौकशी करतील.

रिसालदार_निवृत्त

फिती नव्या मिळतात, त्यांची काळजी नको. छावणीच्या गावात पदकं माउंट करून देणारे कारागीर असतात. कोर्ट माउंटिंग करा म्हणावं, म्हणजे फिती कडक पाठीवर बसतात आणि पदकं एकमेकांवर आपटत नाहीत. क्रम असा सांगा: पूर्वी स्टार, रक्षा, संग्राम, सैन्य सेवा, पंचविसावं, नऊ वर्षं. बघणाऱ्याच्या डावीकडून. जुन्या फिती टाकू नका, फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवा.

उर्मोडी

रविवारी नदीपलीकडे जाऊन आले. पारावरच्या एका आजोबांनी नाव ऐकताच मान हलवली. अण्णांच्या त्या जोडीदाराचा मुलगा डोंबिवलीला असतो एवढं कळलं, फोन नंबर नाही. कुलाबकर, चाळीचं नाव निरोपात पाठवलंय. बेळगावचं पत्र काल रजिस्टर केलं, साताऱ्याला गुरुवारी जातेय.

फ्रेमवाल्याला सहा पदकांची जागा सांगितली. सातवं परत खाकी रुमालात बांधलं, कात्रणाबरोबर.